जुन्या गाडीचा गंजलेला तळ

जुनी फियाट किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्या माणसाला गाडी जॅकवर चढल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा: तळाला भोक पडले आहे, तर त्यावर एक पत्रा मारून भागणार नाही का? उत्तर गाडीच्या बांधणीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत तेवढ्याने खरोखरच भागते. पद्मिनीत भागत नाही, आणि ते का हे समजले की पुढचे सगळे काम कोणत्या क्रमाने करायचे हेही समजते.

१. तळ कशाला आधार देतो?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून दोन अगदी वेगळ्या बांधणींच्या गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीला तिथे जुळवल्या जाणाऱ्या डॉज आणि प्लिमथ या अमेरिकन गाड्यांना खाली जाड पोलादी चासी असे आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असे. अशा गाडीत इंजिन, चाके आणि रस्त्याचे धक्के यांचा भार चासी घेते. जुन्या जीपचेही तसेच आहे. तिथे तळाचा पत्रा म्हणजे पाय ठेवायची जागा. तो सडला तर पाय रस्त्याला लागतील, पण गाडी वाकणार नाही.

पद्मिनीचे घराणे दुसरे. तिचे मूळ १९५३ साली आलेल्या फियाट ११००-१०३ या इटालियन गाडीत आहे. तिच्या आधीच्या फियाट ११०० ला वेगळी चासी होती, या गाडीत ती काढून टाकण्यात आली. कुर्ल्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली तिचीच पुढची आवृत्ती, दोन्ही याच घडणीच्या. तळ, छत, खांब, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या हे सगळे पातळ पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जे कवच तयार होते तेच इथे चासीचे काम करते. या घडणीला मोनोकॉक म्हणतात. ॲम्बेसेडरही याच जातीची.

पुठ्ठ्याचा खोका घेऊन हे पाहता येते. खालच्या चारही झडपा चिकटपट्टीने बंद असताना खोका पिरगळून पाहावा, तो दाद देत नाही. तळाच्या झडपा उघडल्या की त्याच पुठ्ठ्याचा चौकोन हाताच्या थोड्याशा जोराने कलतो. पुठ्ठा तोच आहे, नाहीशी झाली आहे ती कडांची एकमेकांवरची पकड. पद्मिनीचा तळ गंजून कडेपासून सुटतो तेव्हा गाडीचेही हेच होते. दरवाजे खाली बसतात, बंद करताना उचलावे लागतात, खडबडीत रस्त्यावर पुढची काच किरकिरते. अनेकदा मालक दरवाजाच्या बिजागऱ्या बदलून घेतो आणि खरा दोष पायाखाली तसाच राहतो.

तळात कोणते भाग येतात तेही इथे पाहून घ्यावे. मधोमध प्रोपेलर शाफ्टवरचा उंच बोगदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायचे खोलगट भाग. सीटखाली आडव्या जाणाऱ्या पोकळ तुळया, आणि दोन्ही कडांना दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, ज्यांना गॅरेजमध्ये सिल म्हणतात. खोलगट भागातला पत्रा सर्वांत लवकर सडतो आणि डोळ्यांना दिसतो. गाडीचे बळ मात्र जास्त करून बोगदा, तुळया आणि सिल यांत असते. म्हणून दिसणाऱ्या भोकापेक्षा त्याच्या काठाला काय चालले आहे हे महत्त्वाचे.

२. वरून कोरडा दिसणारा तळ कसा सडतो?

लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असेल तर ते विजेचे चांगले वाहक बनते आणि ही रासायनिक क्रिया वेगाने होते. मुंबईच्या उपनगरांत तिन्ही गोष्टी आहेत. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पाऊस नसतानाही समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर क्षार येतात.

पण तळ सडायचे मुख्य कारण गाडीच्या आत असते. पुढच्या काचेच्या रबराला भेग पडते, दरवाजाचे बीडिंग कडक होते, मागाहून बसवलेल्या एसीच्या पाण्याची नळी सुटते. पाणी थेंब थेंब झिरपून रबरी मॅटखालच्या नमद्यात किंवा तागाच्या थरात मुरते. वरचे मॅट हाताला कोरडे लागते आणि खाली नमदा महिनोन्महिने ओला राहतो. ओल्या पत्र्याच्या एका भागाला हवा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, तेव्हा गंज कमी हवेच्या भागाला खातो, हे पुष्कळांना उलटे वाटते. त्यामुळे उघड्या बॉनेटवर वर्षानुवर्षे नुसता लाल डाग राहतो आणि मॅटखालच्या पत्र्याची मात्र चाळण होते. सोसायटीच्या आवारात प्लास्टिकच्या घट्ट कव्हराखाली उभी असलेली गाडी याच कारणाने, न चालता, सडते.

पुराचे पाणी याहून वाईट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरले, सीट वाळल्या, गाड्या चालूही झाल्या. पण सिल आणि आडव्या तुळयांच्या पोकळीत शिरलेला गाळ तिथेच राहिला. गाळाने पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजतात आणि तोच गाळ पुढच्या प्रत्येक पावसात ओल धरून ठेवतो. अशा गाडीचा तळ बदलताना पोकळ्या उघडून धुतल्या नाहीत तर नवा पत्रा जुन्या चिखलाच्या शेजारी बसतो.

म्हणून पत्रा कापण्याआधी पाण्याची वाट शोधलीच पाहिजे. मॅट काढून तळ पुसावा, कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि बाहेरून एकेक जागी पाणी मारावे: आधी काच, मग दरवाजे, मग बॉनेटमागची हवेची जाळी. कागद कुठे भिजतो ते पाहिले की कारण सापडते.

३. तपासणी: टोचून पाहावे

गंजलेला पत्रा रंगाच्या किंवा डांबराच्या थराखाली शाबूत दिसतो. टॅक्सीच्या काळात तळाला डांबर फासण्याची पद्धत होती. चांगल्या पत्र्यावर तिचा थोडा उपयोग होई, पण गंजावर फासलेले डांबर ओल आत कोंडून ठेवते. त्यामुळे आधी डांबर खरवडून काढावे आणि मग बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचावे, छोट्या हातोडीने ठोकावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला बद्द आवाज देतो आणि टोक आत जाते.

तपासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: खोलगट भागाचे चारही कोपरे, सीटचे बोल्ट, सिलची आतली कड, जॅक लावायची जागा आणि मागच्या सीटखालचा भाग. जॅक लावल्यावर गाडी उचलण्याऐवजी पत्राच वर दबत असेल तर सिल गेली आहे असे समजावे.

४. किती कापायचे?

इथे दोन टोकाच्या सवयी दिसतात. कोणी भोकापुरते ठिगळ लावतो, कोणी दोन्ही बाजूंचा सगळा तळ काढून टाकतो. दोन्ही टाळण्यासारख्या आहेत. ठिगळाच्या काठाला गंजून कागदासारखा झालेला पत्रा असतो. त्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली की तो जळून भोक वाढते. वेल्डिंगला ठोस पत्रा लागतो, म्हणून काप नेहमी चमकणाऱ्या चांगल्या पत्र्यापर्यंत न्यावा लागतो. दुसरीकडे, चांगला मूळ पत्रा उगाच काढला तर कारखान्यातली मूळ मापे त्याच्याबरोबर जातात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली जी ट्यूरिन सनद मांडली, तिचाही भर मूळ भाग शक्य तितके राखण्यावर आणि केलेल्या कामाची नोंद ठेवण्यावर आहे. पद्मिनीसारख्या हजारोंनी बनलेल्या साध्या गाडीलाही हा नियम लावावा. कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही, आणि पद्मिनीची शेवटची नोंदलेली टॅक्सीही वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. शाबूत असलेला मूळ पत्रा आता पुन्हा मिळणार नाही.

५. नवा पत्रा कोणता?

फोक्सवॅगन बीटल किंवा एमजीसारख्या गाड्यांचे तयार तळ परदेशात साच्यातून बनवून विकले जातात. पद्मिनीचा तळ बहुतेक वेळा हाताने घडवावा लागतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत, तिथे एखाद्या मोडीत काढलेल्या गाडीचा कापून ठेवलेला तुकडा मिळाला तर घ्यावा. तो थेट बसवण्याइतका चांगला नसला तरी आकार उतरवून घ्यायला उपयोगी पडतो.

पत्रा सीआर, म्हणजे थंड अवस्थेत लाटलेला घ्यावा. तो सपाट आणि एकसारख्या जाडीचा असतो, हातोडीला वळतो आणि वेल्डिंगला चांगला. जाडी दुकानात गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. तळाला १८ किंवा २० गेज पुरतो. जस्ताचा थर दिलेला जीआय पत्रा गंजाला टिकतो म्हणून मोहात पाडतो, पण वेल्डिंग करताना त्याचे जस्त जळून जो पांढरा धूर होतो तो छातीत गेला तर ताप येतो, आणि सांध्याजवळचे जस्त जळून गेल्याने तिथला फायदाही उरत नाही.

सोळा गेजचा जाड पत्रा टाकून मजबुती वाढवावी असेही सुचवले जाते. त्याची गरज नाही, आणि कारण मूळ तळाकडे पाहिले की कळते. मूळ तळात लांबट उभार दाबलेले असतात. सपाट पत्रा जाडी दुप्पट केल्यावर आठपट ताठ होतो, पण वजनही दुप्पट होते. उभार दाबला तर वजन तेवढेच राहून ताठपणा कितीतरी वाढतो. पत्र्याच्या पन्हळी छपरामागे हेच तत्त्व आहे. म्हणून जाड सपाट पत्र्यापेक्षा योग्य जाडीचा, मूळ जागी मूळ उभार दिलेला पत्रा चांगला. मरोळ-साकीनाका भागातल्या औद्योगिक गाळ्यांत पत्रा वाकवण्याची यंत्रे असतात. कडा तिथे काटकोनात दुमडून घेता येतात, उभार लाकडी साच्यावर हाताने काढता येतात.

वजनाचा अंदाजही घेता येतो. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. ६० बाय ५० सेंटिमीटरचा १.२ मिलिमीटर जाड तुकडा म्हणजे ३६० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २.८ किलो. एवढ्या हलक्या तुकड्यावर गाडीच्या एका कोपऱ्याचा सरळपणा अवलंबून असतो.

६. कापण्याआधी माप आणि आधार

सगळ्या कामात सर्वांत कमी वेळ याच टप्प्याला दिला जातो आणि सर्वांत मोठे नुकसान याच टप्प्यावर होते. तळ कापला की गाडी स्वतःच्याच भाराने कलते. त्या कललेल्या स्थितीत नवा पत्रा वेल्ड केला तर वाकडेपणा कायमचा होतो. मग दरवाजे कितीही ओढाताण केली तरी बसत नाहीत.

गाडी सपाट जमिनीवर, चार मजबूत घोड्यांवर, सिलखाली नव्हे तर पुढच्या-मागच्या ठोस भागांखाली टेकवावी. चारही टेकू एका पातळीत आहेत हे पाण्याच्या नळीने तपासता येते. दरवाजांच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे आणि तिरके आधार बोल्टने किंवा वेल्डिंगच्या टाक्यांनी घट्ट करावे. त्यानंतर दरवाजे नीट लागतात का ते पुन्हा पाहावे, कारण आधारच चुकीच्या ताणात बसले तर तेही गाडी वाकवतात. इंजिन उतरवता आले तर पुढचा भार कमी होतो.

आता माप. तळावर चार खुणा घ्याव्या, दोन पुढे आणि दोन मागे, आणि ओळंब्याने त्या जमिनीवर उतरवाव्या. मग कर्ण मोजावे. समजा खुणांमधील रुंदी १२०० मिलिमीटर आणि लांबी १६०० मिलिमीटर आहे. गाडी सरळ असेल तर दोन्ही कर्ण बरोबर २००० मिलिमीटर येतात. मागची बाजू फक्त ५ मिलिमीटर सरकली तर एक कर्ण २००३ आणि दुसरा १९९७ होतो. फरक ६ मिलिमीटर, जो साध्या टेपवरही दिसतो. डोळ्याला न दिसणारा वाकडेपणा असा पकडता येतो. ही मापे वहीत लिहून ठेवावी आणि कापल्यावर, टाके मारल्यावर, वेल्डिंग संपल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा घ्यावी.

एका वेळी एकच बाजू उघडावी. डावी बाजू पूर्ण होईपर्यंत उजवी शाबूत राहते आणि तीच मापाचा नमुना ठरते.

७. कापणे

बॅटरी काढावी. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवावी, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्त, धोक्याची. तळाखालून जाणाऱ्या पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या, हँडब्रेकची केबल आणि वायरिंग सोडून बाजूला बांधावे. सीट, मॅट, नमदा बाहेर. शेजारी पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवावा.

मूळ तळ सिलला आणि तुळयांना स्पॉट वेल्डने जोडलेला असतो. वाळूकागद फिरवला की हे गोल ठिपके दिसतात. ते खास ड्रिलने वरच्याच पत्र्यापुरते भोकावे, म्हणजे खालची कड शाबूत राहते आणि नवा पत्रा तिच्यावरच बसवता येतो. कडेला छिन्नी मारणे सोपे असते, पण ती कड फाटते. काढलेला सडका पत्रा टाकून देऊ नये. नवा आकार त्याच्यावरच बेतायचा असतो.

उघडलेल्या पोकळ्यांतला गाळ खरवडून, हवेने झाडून काढावा. राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचा लेप द्यावा, धुऊन पूर्ण वाळवावे.

८. जोडणे

डेंटर ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते या कामाला योग्य. वायूच्या आवरणाखाली बारीक तार वितळून जोड होतो आणि उष्णता मर्यादित जागेत राहते. गॅस वेल्डिंगनेही जुन्या हातांनी उत्तम कामे केली आहेत, पण त्यात पत्रा जास्त रुंद तापतो. साध्या आर्क वेल्डिंगने एक मिलिमीटरच्या पत्र्याला सहज भोक पडते.

पत्रा वेल्डिंगने वाकतो तो का, हे समजून घेण्यासारखे आहे. पोलाद एक अंशाने तापले की प्रत्येक मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. १०० मिलिमीटरचा पट्टा ६०० अंशांनी तापला तर त्याला सुमारे ०.७ मिलिमीटर वाढायचे असते. पण आजूबाजूचा थंड पत्रा त्याला वाढू देत नाही, म्हणून तापलेला मऊ भाग जागच्या जागी दबून जाड होतो. थंड होताना तो आक्रसतो आणि आता मूळपेक्षा आखूड असल्यामुळे सगळा पत्रा स्वतःकडे ओढतो. सलग शिवण मारली की तळ पापडासारखा उचलतो तो या ओढीने.

उपाय असा की उष्णता कुठेच साठू द्यायची नाही. नव्या तुकड्याच्या कडेला ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडावी आणि त्यांतून खालच्या कडेला वेल्ड करावे. याला प्लग वेल्ड म्हणतात आणि तो मूळ स्पॉट वेल्डची जागा घेतो. ६० बाय ५० सेंटिमीटरच्या तुकड्याचा परीघ २२० सेंटिमीटर. दर ३ सेंटिमीटरला एक धरला तर सुमारे ७३ वेल्ड होतात. ते ओळीने मारू नयेत. एक पुढच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा मागच्या उजव्या, तिसरा मधल्या कडेला, आणि हात लावता येईल इतका पत्रा गार झाल्यावर पुढचा. प्रत्येक वेल्डआधी दोन्ही पत्रे क्लॅम्पने घट्ट चिकटलेले असावेत, कारण मध्ये फट राहिली तर वरून जोड सुंदर दिसतो आणि खाली धरलेलाच नसतो. सुरुवातीला टाकाऊ तुकड्यांवर असा एक वेल्ड करून तो छिन्नीने फाडून पाहावा. पत्रा फाटला आणि वेल्ड तसाच राहिला तर मशीनची सेटिंग बरोबर आहे.

जिथे कड उरलेली नाही आणि सपाट भागात पत्र्याला पत्रा भिडवायचा आहे, तिथे एकावर एक चढवण्यापेक्षा कडेला कड लावून थोड्या थोड्या टाक्यांनी जोडावे. चढवलेल्या जोडाच्या आत पाणी थांबते आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. पॉप रिव्हेट मारून वर सीलंट फासणे हा प्रकार तर मोनोकॉक गाडीत करूच नये. त्यात भोक झाकले जाते, बळ परत येत नाही.

९. बंद करणे

मुंबईच्या जुलैमध्ये घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत नारिंगी होतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत करावे, आणि कोणत्याही महिन्यात घासलेला भाग त्याच दिवशी प्राइमरखाली जावा. एकमेकांवर बसणाऱ्या कडांना जोडण्याआधी जस्तयुक्त प्राइमर लावतात, कारण नंतर ब्रश तिथे पोहोचत नाही. वेल्डिंगनंतर दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्राइमर, मग प्रत्येक सांध्यावर सीलंट, मग रंग. खालच्या बाजूला रबरी अंडरकोट अगदी शेवटी.

सिल आणि तुळयांच्या पोकळीत लांब नळीच्या फवाऱ्याने मेणयुक्त द्रव सोडावा. त्याआधी पाणी जाण्याची छिद्रे मोकळी आहेत का ते तारेने तपासावे. कडेकोट बंद केलेली सिल हा चुकीचा आदर्श आहे. आत शिरलेले पाणी बाहेर पडलेच पाहिजे.

मॅटखाली जुना नमदा परत घालू नये. पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम घालावा, आणि तोही चिकटवू नये, म्हणजे वर्षातून एकदा उचलून पाहता येतो.

१०. चासी नंबर आणि कागद

मोनोकॉक गाडीला वेगळी चासी नसली तरी चासी नंबर असतो, आणि तो बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. तो पत्रा कापून टाकला, घासला किंवा दुसऱ्या गाडीचा जोडला तर आरटीओच्या दृष्टीने गाडीची ओळखच संशयास्पद होते. काम सुरू करण्याआधी नंबरचा ठसा पेन्सिलने कागदावर घासून घ्यावा आणि फोटो काढावे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांना ते लागू आहेत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे. गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. १९६४ ची डिलाइट आणि पहिल्या वर्षांच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. मूळ आकाराचा तळ मूळ जागी बसवणे ही दुरुस्ती आहे, आकार बदलणे हा बदल. हा फरक तपासणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवता यावा म्हणून कापण्याआधीचे, उघड्या तळाचे आणि पूर्ण झालेल्या कामाचे फोटो, कर्णांच्या मापांची वही आणि पत्र्याच्या खरेदीची पावती गाडीच्या कागदांबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवावी.